आठ महिने गर्प्सची पॅरी: हातातली तलवार बदलली की लढणंही बदलतं

टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रं रंगवायचे खेळ आम्ही खेळतो. गेल्या दिवाळीनंतर आमच्या शनिवारच्या गटाने खेळ बदलला. कर्वेनगरमधल्या एका मित्राच्या घरी आम्ही पाच जण बसतो. त्याआधी तीन वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळलो आणि ती मनापासून आवडली. खटकायची एकच गोष्ट, तलवारबाजी. तिथे रेपियर (सडपातळ, भोसकायची तलवार) घ्या नाहीतर लाँगसोर्ड, एका हाताने दोन्हींच्या इजेला आठ बाजूंचाच फासा, आणि समोरचा वार लागतो की नाही हे आर्मर क्लास, म्हणजे पात्राच्या संरक्षणाचा ठरलेला आकडा, ठरवतो. वार पात्याने अडवायचा तर बॅटल मास्टर या योद्ध्याच्या प्रकाराचा खास डाव हवा, नाहीतर डिफेन्सिव्ह ड्युएलिस्ट ही फीट (पात्राने मिळवायची खासियत). सतराव्या शतकातल्या कोकण-देशावरची मोहीम मांडायची ठरली, तेव्हा हे पुरेसं वाटेना. म्हणून गर्प्स या अशाच दुसऱ्या खेळाची चौथी आवृत्ती घेतली. ती २००४ची आहे, दोन जाड खंडांत. आधी चव बघायची असेल तर ३२ पानांची लाइट आवृत्ती मोफत मिळते, आम्हीही तिथूनच सुरुवात केली.

पॅरीचं, म्हणजे हातातल्या शस्त्राने वार अडवण्याचं, मूळ गणित सोपं आहे. शस्त्राच्या कौशल्याचे निम्मे करायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा, त्यात ३ मिळवायचे. तीन फाशांची बेरीज तेवढी किंवा कमी आली की वार अडला. कौशल्य १४ असेल तर पॅरी १०, म्हणजे बरोबर निम्मी शक्यता. १६ला ११ होते आणि शक्यता साडेबासष्ट टक्क्यांवर जाते. १५ला मात्र पॅरी १०च राहते. नवीन खेळाडूंनो, पात्र घडवताना गुण वाटाल तेव्हा हे आधी बघा. आमच्यातल्या दोघांनी १५वर थांबून वार करायला फायदा मिळवला, अडवायला काहीच नाही.

खरी गंमत पुढे आहे. तलवारीचा प्रकार या आकड्यात फारसा दिसतच नाही. शस्त्रांच्या तक्त्यात पॅरीच्या रकान्यात रेपियर, ब्रॉडसोर्ड, दोन हातांची ग्रेटसोर्ड, सगळ्यांपुढे शून्यच लिहिलेलं, म्हणजे वाढ नाही, घट नाही. फरक असतो शून्यापुढच्या अक्षरात. रेपियरपुढे फेन्सिंगचं, म्हणजे हलक्या पात्याच्या चपळ तलवारबाजीचं, अक्षर आहे. त्यामुळे एक पाऊल मागे सरकत अडवलं तर तिला ३ जास्त मिळतात, ब्रॉडसोर्डला फक्त १. कौशल्य दोघांचं १४ धरा. रेपियरवाला १३वर पोचतो, म्हणजे जवळपास ८४ टक्के, आणि ब्रॉडसोर्डवाला ११वर. तेवढं एक पाऊल! तेव्हापासून आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे, “अरे थांब, मागे जागा आहे का?” अंगावर ओझं वाढलं की फेन्सिंगचं कौशल्य घटतं, त्यामुळे चिलखत चढवून रेपियर नाचवायची सोय नाही. कुऱ्हाडीचं उलट आहे. ज्या फेरीत तिने वार केला, त्या फेरीत तिने अडवता येत नाही.

वजनाचा नियम आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळला. वसईच्या फिरंग्यांची चाकरी सोडून आलेलं एक पात्र आमची एक मैत्रीण खेळते. तिच्या हातात दीड पौंडाची स्मॉलसोर्ड. समोर पोर्तुगीज पहारेकरी, दोन हातांची सात पौंडांची तलवार घेऊन. पॅरीचे फासे पडले ९, वार अडला, सगळे ओरडलो. जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) शांतपणे पुस्तक उघडलं. अडवणाऱ्या शस्त्राच्या तिप्पट किंवा जास्त वजनाचा वार असेल तर ते मोडू शकतं, तिपटीला सहात दोन, पुढच्या प्रत्येक पटीला एक वाढवून. इथे चार पटींच्या वर, म्हणजे सहात तीन. तिने एक फासा टाकला, तो थर्मासला आपटून परत आला. तीन. तिने खोडरबर घेतलं आणि कागदावरून तलवारीची ओळ पुसली. पुढची फेरी ती नुसती वार चुकवत जिन्याकडे सरकत होती. आठ महिन्यांतला तो सगळ्यात जिवंत प्रसंग.

दुसरा प्रसंग खिंडीचा. एकाच फेरीत त्याच हाताने पुन्हा अडवायचं तर दर वेळी ४ वजा होतात, फेन्सिंगच्या शस्त्राला २. कौशल्य १६ असलेला आमचा धारकरी पहिला वार ११वर अडवतो, दुसरा ७वर, तिसरा ३वर. तिसरा म्हणजे ५४त एकदा, कारण ३ किंवा ४ पडले की बचाव नेहमीच जमतो. मोकळ्या मैदानात तिघांनी घेरल्यावर तो दोन फेऱ्यांत पडला. तोच गडी अरुंद वाटेत, समोर एका वेळी एकच शत्रू, हातात ढाल, तेव्हा पाऊण तास टिकला. (मध्यम आकाराची ढाल पॅरीसकट प्रत्येक बचावात २ मिळवते आणि वर स्वतः एक वार झेलते.) १३ जुलै १६६०ची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. खिंड लढवणं म्हणजे नेमकं काय, हे मला या वजाबाकीने नव्याने समजलं.

कौशल्य खूप वाढलं की दोन्ही बाजू अडवतच राहतात, अशी तक्रार सुरुवातीला आमचीही होती. उपाय नियमांतच आहे. एक फेरी खर्चून हूल द्यायची. कौशल्याची चुरस जिंकलात तर जेवढ्या फरकाने जिंकलात तेवढी समोरच्याची पॅरी घटते. किंवा स्वतःच्या वाराच्या कौशल्यातून २ कापून त्याच्या बचावातून १ कापायचा. कसलेला लढवय्या आणि नवशिका यांच्यातलं अंतर इथे दिसतं.

आता उणिवा. प्रत्येक फेरी एका सेकंदाची, म्हणून दहा सेकंदांच्या चकमकीला आमचा सव्वा तास जातो. ज्यांना गोष्ट पुढे सरकायला हवी असते त्यांची चुळबुळ होते, आणि ती रास्त आहे. दुसरी उणीव मला जास्त बोचते. आपल्या दांडपट्ट्यासाठी मूळ दोन खंडांत मनासारखं काही मिळालं नाही. केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं बघायची सवय होतीच, आता हाच प्रश्न घेऊन पट्ट्याकडे बघितलं. खोबळ्यात (मुठीवरच्या लोखंडी आवरणात) हात कोपराकडे अर्धा झाकला जातो, आतली मूठ आडवी. मनगट जवळजवळ बांधलेलं, जे काही फिरवायचं ते खांद्यातून. रेपियरसारखं टोकाने हलकेच वार वळवणं यात शक्य नाही. पण हातातून शस्त्र उडवणंही तितकंच अवघड. म्हणून आम्ही घरचा नियम केला: पॅरीला १ वजा, मागे सरकल्यावर फक्त १ जास्त, निःशस्त्र करण्याविरुद्ध मोठा फायदा, आणि पट्टा चौफेर फिरतो म्हणून एका फेरीतल्या पुढच्या पॅरींना ४ऐवजी २चीच वजाबाकी. आपल्या देशी तलवारीच्या मुठीची मागची चकतीही मनगट आवळते. तिच्यासाठी वेगळं काही केलं नाही, ढाल सोबत दिली की ती आपोआप जुळते.

तलवारीवर प्रेम असेल आणि टेबलावर धीर असेल, तर हे नियम जरूर घ्या. आम्ही परत जाणार नाही. पुढच्या शनिवारी दोन पट्टेवाले पहिल्यांदाच समोरासमोर येताहेत, तेव्हा आमचा नियम टिकतो का ते कळेल.