सीमेन्सचा एस७-१२०० पीएलसी: फाउंड्रीतला वापर आणि नेटवर्कचा हिशेब

कोल्हापूर परिसरातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत रिले आणि टायमरांनी भरलेले जुने पॅनेल काढून पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमनुसार मशीन चालवणारा औद्योगिक नियंत्रक, बसवण्याचे काम आता नित्याचे झाले आहे. अशा कामांत सीमेन्सचा एस७-१२०० पुष्कळदा केवळ नावावर भरवसा ठेवून मागवला जातो. भरवसा रास्त आहे. मात्र या मालिकेतले नेमके कोणते मॉडेल घ्यायचे, त्यासोबत काय मागवायचे आणि कारखान्याच्या नेटवर्कला तो कसा जोडायचा, हे खरेदीआधी ठरवले नाही तर पुढे त्याच कामासाठी दुसऱ्यांदा खर्च करावा लागतो. हे परीक्षण सीपीयू १२१४सी या मॉडेलचे आहे; सीपीयू म्हणजे पीएलसीचा मुख्य भाग. फाउंड्रीच्या सँड प्लांटवर (साच्यांची वाळू तयार करणाऱ्या विभागात), म्हणजे हॉपर, बेल्ट कन्व्हेयर, चाळण आणि मलर (वाळू मळणारे यंत्र) यांच्या नियंत्रणासाठी तो कसा उतरतो, हे मेन्टेनन्स सांभाळणाऱ्याच्या नजरेने येथे मांडले आहे.

सीपीयूवर १४ डिजिटल (फक्त चालू-बंद ओळखणारे) इनपुट, १० डिजिटल आउटपुट आणि २ अॅनालॉग (कमी-जास्त होणारे मूल्य मोजणारे) इनपुट मिळतात. उजवीकडे ८ सिग्नल मॉड्यूल, डावीकडे ३ कम्युनिकेशन मॉड्यूल आणि पुढच्या बाजूला एक छोटा बोर्ड बसतो. मध्यम आकाराच्या सँड प्लांटला एवढे पुरून उरते. आउटपुट ट्रान्झिस्टरचे घ्यावे की रिलेचे, हा प्रश्न हमखास येतो. ट्रान्झिस्टर आउटपुट ०.५ अँपिअरचे असते, रिले आउटपुट २ अँपिअरपर्यंतचा भार घेते. पुढे कधी स्टेपर किंवा सर्व्हो जोडायची शक्यता असेल तर ट्रान्झिस्टर प्रकारच घ्यावा आणि कॉन्टॅक्टरसाठी बाहेर इंटरपोझिंग रिले (पीएलसी आणि कॉन्टॅक्टर यांच्या मधले रिले) लावावेत. रिले एकदा सीपीयूबाहेर सॉकेटवर आला की तो बदलायला फिटरला दोन मिनिटे पुरतात, सीपीयूला हात लावावा लागत नाही.

या पीएलसीला पंखा नाही, तो हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड होतो. म्हणून वर आणि खाली २५ मिलिमीटर जागा मोकळी सोडावी लागते. आडव्या रेलवर बसवला तर तो ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो, उभ्या रेलवर बसवला तर ही मर्यादा ५० अंशांवर येते. फर्नेसच्या बाजूच्या पॅनेलमध्ये एप्रिल-मे महिन्यात हा दहा अंशांचा फरक फार मोलाचा ठरतो. सीपीयूचे स्वतःचे संरक्षण आयपी२० एवढेच, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचाव न करणारे, असल्याने वाळूच्या बारीक धुळीपासून त्याला वाचवण्याची सारी जबाबदारी पॅनेलच्या दारावरच्या गॅस्केटवर आणि केबल ग्लँडवर येते, हे पॅनेलवाल्याला ऑर्डर देतानाच लेखी कळवावे.

सीपीयूवरच्या दोन अॅनालॉग इनपुटबाबत खरेदीदाराने सावध असावे, कारण ती ० ते १० व्होल्टचीच आहेत. आपल्याकडचे बहुतेक ट्रान्समीटर मात्र ४ ते २० मिलीअँपिअरचे असतात. लूपमध्ये ५०० ओहमचा अचूक रेझिस्टर टाकला तर ४ मिलीअँपिअरचे २ व्होल्ट आणि २० मिलीअँपिअरचे १० व्होल्ट होतात. पीएलसीत पूर्ण १० व्होल्टला २७६४८ हा आकडा दिसतो, त्यामुळे या रचनेत शून्य पातळीला ५५३० च्या आसपासचा आकडा येतो आणि स्केलिंग तेथून सुरू करावे लागते. हॉपरच्या पातळीसाठी एवढे पुरते. वाळूतल्या ओलाव्याच्या मापनासाठी मात्र ही काटकसर करू नये. तेथे एसएम १२३१ हे स्वतंत्र मॉड्यूल घ्यावे, कारण सीपीयूवरच्या इनपुटांचे रिझोल्यूशन १० बिटचे आहे आणि ओलाव्यातला अर्ध्या टक्क्याचा फरकही मोल्डच्या दर्जावर परिणाम करतो.

वीज गेल्यावर प्रोग्रॅम पुसला जाईल ही भीती येथे नाही, कारण तो बॅटरीविना टिकणाऱ्या मेमरीत राहतो. घड्याळ मात्र सुपरकपॅसिटरवर साधारण २० दिवसच चालते. दीर्घ शटडाउननंतर बॅच अहवालांवर चुकीची तारीख पडू नये म्हणून नेटवर्कवरच्या एनटीपी सर्व्हरकडून (अचूक वेळ पुरवणाऱ्या संगणकाकडून) वेळ घेण्याची सोय चालू करून ठेवावी. सीमेन्सचे मेमरी कार्ड प्रोग्रॅम कार्ड म्हणून वापरणे हा या मालिकेचा मोठा गुण आहे. सीपीयू खराब झाला तर कार्ड नव्या सीपीयूत घातले की प्रोग्रॅम आणि आयपी पत्ता दोन्ही सोबत येतात, रात्रपाळीच्या फिटरला लॅपटॉपची वाट पाहावी लागत नाही. बाजारातले साधे एसडी कार्ड येथे चालत नाही, आणि सीमेन्सचे कार्ड संगणकावर फॉरमॅट करू नये.

१२१४सी वर एकच इथरनेट पोर्ट आहे, आणि नेटवर्कच्या बाबतीत याच गोष्टीने पॅनेलची मांडणी ठरते. एचएमआय (ऑपरेटरचा पडदा), प्रोफिनेट या औद्योगिक इथरनेटवरचे ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारी उपकरणे), कार्यालयाकडे जाणारी केबल आणि प्रोग्रॅमिंगचा लॅपटॉप या सगळ्यांसाठी पहिल्या दिवसापासून स्विच लागतो. १२१५सी मध्ये दोन पोर्ट आणि दोन अॅनालॉग आउटपुट मिळतात. लहान मशीनला त्याने स्विच वाचू शकतो, पण सँड प्लांटसारख्या पसरलेल्या रचनेत स्विच टळत नाही. अनेक पॅनेलवाले येथे कार्यालयात वापरायचा स्वस्त प्लास्टिकचा स्विच लावून देतात. त्याला २४ व्होल्टचा पुरवठा नसतो, तो वेगळ्या अॅडॉप्टरवर चालतो, आणि अॅडॉप्टरची पिन कंपनाने सैल झाली की सगळा प्लांट थांबतो. रेलवर बसणारा, २४ व्होल्टवर चालणारा औद्योगिक स्विच घेणे ही किमान अपेक्षा मानावी. एकाच पॅनेलपुरते काम असेल तर सीमेन्सचाच सीएसएम १२७७ हा चार पोर्टचा साधा स्विच पुरेसा आहे. जेथे चार-पाच पॅनेल जोडायचे आहेत तेथे मात्र मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग आणि देखरेख करता येणारा, स्विचच घ्यावा. कोणत्या पोर्टवर किती फ्रेम (माहितीचे तुकडे) खराब येत आहेत हे त्यात दिसते, आणि कुणी पॅच कॉर्डची दोन्ही टोके अनवधानाने एकाच स्विचमध्ये खोचली तर होणाऱ्या ब्रॉडकास्टच्या पुरापासून तो संरक्षण देऊ शकतो. साध्या स्विचवर अशा एका कॉर्डने सारे नेटवर्क ठप्प होते आणि दोष शोधायला सगळी पॅनेल उघडावी लागतात.

त्याहून मोठा घोळ आयपी पत्त्यांचा होतो. टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रकल्प उघडून पीएलसी घेतला की त्याला आपोआप १९२.१६८.०.१ हा पत्ता सुचवला जातो, आणि मशीन बनवणारे बहुतेक जण तो तसाच ठेवतात. मोल्डिंग मशीन एका उत्पादकाकडून, सँड प्लांट दुसऱ्याकडून आणि शॉट ब्लास्टिंग तिसऱ्याकडून आलेले असते. प्रत्येक मशीन स्वतंत्रपणे उत्तम चालते. उत्पादनाचा अहवाल एकाच पडद्यावर हवा म्हणून तिन्ही एकत्र जोडली की एकाच पत्त्याचे तीन पीएलसी समोर येतात. मग प्रत्येक मशीनमधले एचएमआय, ड्राइव्ह आणि कनेक्शन पुन्हा बांधावे लागतात, आणि उत्पादकाने सोर्स प्रोग्रॅम दिलेला नसेल तर तेही शक्य नसते. अशा वेळी प्रत्येक मशीनपुढे एनएटी करणारा, म्हणजे आतला पत्ता बाहेर वेगळा दाखवणारा, औद्योगिक राउटर ठेवणे हा एकच मार्ग उरतो, आणि तो खर्चाचा आहे. याचा दोष पीएलसीचा नाही. परंतु पर्चेस ऑर्डरमध्ये आपल्या प्लांटचा पत्त्यांचा तक्ता जोडला आणि सोर्स प्रोग्रॅम देणे बंधनकारक केले, तर हा खर्च टळतो. हा एक कागद जोडायला काहीच पैसे पडत नाहीत, तरी तो क्वचितच जोडलेला आढळतो, याचे मनापासून वाईट वाटते.

केबलबाबतही असेच सांगावे लागेल. आमच्या ओळखीच्या एका प्लांटमध्ये बाहेरच्या ठेकेदाराने प्रोफिनेटची हिरवी केबल मलरच्या व्हीएफडीपासून (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हपासून) मोटरकडे जाणाऱ्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून ओढली होती आणि शील्ड कोठेच अर्थला जोडलेली नव्हती. मलर पूर्ण वेगावर गेला की एचएमआयवरचे कनेक्शन तुटत असे. सगळ्यांचा संशय पीएलसीवर होता. केबल वेगळ्या ट्रेमध्ये नेऊन शील्ड क्लँपने पक्की केल्यावर तक्रार संपली. तांब्याच्या केबलची एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर आहे, त्यापुढे फायबरच टाकावी.

एनर्जी मीटर आणि जुने ड्राइव्ह अजून आरएस-४८५ या सिरियल जोडणीवरच्या मॉडबस या संदेशपद्धतीने बोलतात, आणि एस७-१२०० मध्ये ते पोर्ट मुळात नाही. सीबी १२४१ हा बोर्ड पुढच्या जागेत बसवता येतो, पण तेथे एकच बोर्ड बसत असल्याने घड्याळासाठीचा बॅटरी बोर्ड मग लावता येत नाही. दोन्ही हवे असतील तर डावीकडचे कम्युनिकेशन मॉड्यूल घ्यावे. मॉडबस मास्टरच्या ब्लॉकला एका वेळी एकच विनंती हाताळता येते. म्हणून सर्व मीटरांच्या विनंत्या एकामागून एक क्रमाने सोडाव्यात आणि बंद पडलेल्या मीटरमुळे बाकीचे अडू नयेत अशी टाइमआउटची तरतूद ठेवावी. मित्सुबिशीच्या एफएक्स५यू मध्ये इथरनेट आणि आरएस-४८५ दोन्ही सीपीयूवरच मिळतात, ही त्याची जमेची बाजू येथे मान्य करायला हवी.

सॉफ्टवेअर हा सर्वांत जड भाग आहे. एस७-१२०० साठी टीआयए पोर्टलमधले स्टेप ७ बेसिक पुरते, त्यासाठी प्रोफेशनल आवृत्तीचे पैसे मोजू नयेत. पण नव्या आवृत्तीत साठवलेला प्रकल्प जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे मशीन उत्पादकाची आवृत्ती आणि आपली आवृत्ती जुळते का हे आधीच विचारावे. डेल्टाच्या पीएलसीचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, आणि लहान उद्योजकाला हा फरक जाणवतो. त्याच्या बदल्यात सीमेन्समध्ये पीएलसी, एचएमआय आणि नेटवर्कचे निदान एकाच खिडकीत दिसते. कोणत्या ड्राइव्हचा संपर्क तुटला हे ऑनलाइन गेल्याबरोबर लाल खुणेने कळते, आणि मोठ्या बिघाडाच्या वेळी याची किंमत परवान्याहून जास्त ठरते.

सुरक्षेची बाब कुणी सहसा विचारत नाही, म्हणून ती येथे ठामपणे लिहीत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लॅरॉटी या संस्थेच्या संशोधकांनी एस७-१२०० आणि एस७-१५०० मध्ये सर्वत्र सारखीच असलेली गुप्त किल्ली मिळवता येते हे उघड केले. सीमेन्सने त्यावर उपाय म्हणून १२०० साठी फर्मवेअर (सीपीयूतले मूळ सॉफ्टवेअर) ४.५ किंवा त्यापुढचे आणि टीआयए पोर्टलची १७ वी किंवा त्यापुढची आवृत्ती वापरण्यास सांगितले. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर फर्मवेअर पाहूनच घ्यावा, पासवर्डाने प्रवेशपातळी ठरवावी, गरज नसल्यास पुट-गेट (दुसऱ्या उपकरणांना पीएलसीतली माहिती थेट वाचू-लिहू देणारी सोय) बंद ठेवावे आणि पीएलसीचे नेटवर्क कार्यालयाच्या वायफायला थेट जोडू नये.

सीमेन्सने २०२४ मध्ये या मालिकेची दुसरी पिढी, म्हणजे जी२, जाहीर केली असून तिच्यात दोन पोर्ट मूळचेच आहेत. जुन्या पिढीचे मॉड्यूल तिला बसत नाहीत. त्यामुळे ज्या प्लांटमध्ये आधीच १२१४सी चालू आहे आणि त्याचे सुटे भाग स्टोअरमध्ये आहेत, त्यांनी विस्तारासाठी सध्या जुनीच पिढी घ्यावी. अगदी नवा प्लांट उभारणाऱ्यांनी जी२ चे कोटेशन मागवावे, आणि त्याच कोटेशनमध्ये मॅनेज्ड स्विच, शील्डेड केबल, प्रोग्रॅम कार्ड आणि सोर्स प्रोग्रॅमची प्रत या चार गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्याव्यात.