ओतीव पिस्टन, घडीव भाव

४६,५०० रुपये. ५,००० ॲडव्हान्स, बाकी ४१,५०० यूपीआयनं. माझ्या २००२ च्या होंडा सिटी व्हीटेकसाठी फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या, पिस्टन-रिंगांचा सेट म्हणून घेतलेला. निघाले साधे, साच्यात ओतलेले ओतीव, ब्लास्टिंग मारून मॅट केलेले, वर जपानी नावाचा डबा.

विक्रेता कोल्हापूरकडचा. व्हिडिओ, गोड बोलणं, "बिल नको असेल तर जीएसटी वाचतोय दादा", पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मी दूधखुळा नाही. गॅरेज लाइनमधल्या दोघांनी त्याच्याकडून माल घेतलेला होता, म्हणून गेलो.

जळतंय ते एका दुपारचं. बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपच्या दारात पिस्टन उपडा केला, तर पोटात, पिनच्या भोकाजवळ, साच्याची बारीक शीर. नखाला लागली. घडीव पिस्टनच्या पोटात ही कुठनं येणार? बोअरिंगवाले मामा म्हणाले, "हे ओतीव दिसायलंय बघ." काट्यावर चौघांत ९ ग्रॅमचा फरक. चांगल्या सेटमध्ये एक-दोन ग्रॅमच्या पुढं जात नाही.

वडिलांची हयात इथल्या फाउंड्रीत गेली, आणि मला ओतीव-घडीव कळू नये? कळलं होतं हो! पण त्याच्या "साइज फिक्स आहे" वर विसंबून इंजिनचा ब्लॉक आदल्या दिवशीच ७५.५० मिमीला बोअर केलेला, म्हणजे पिस्टनची भोकं तासून मोठी केलेली. मग मन हवं तेच बघतं. तेच बसवले. पिस्टन हातात घेऊन मायक्रोमीटर लावल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला टाकू नका.

९०० किलोमीटर झाले आणि वंटमुरी घाटात निळा धूर. तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटलेली. उरलेली रिंग बोअरमध्ये घालून बघितली, तर तिच्या दोन टोकांमधल्या फटीत ०.१० मिमीचं फिलर, म्हणजे मापाची पातळ पट्टी, कसंबसं जातंय. ह्या बोअरला ०.३० तरी फट हवी. तापल्यावर टोकं भिडली. डब्यावर 'प्री-फिट' लिहिलंय म्हणून मिस्त्रीनं मोजलंच नव्हतं. शेजारी उभं राहून मोजून घ्या. बोअरिंग-होनिंग ३,२००, गॅस्केट-ऑइल ४,६५०, मजुरी ९,०००. एकूण ६३,३५०.

पोलीस ठाण्यात गेलो. "पैसे महाराष्ट्रात गेले, तिकडं जावा." तिकडं गेलो. "पाठवले कर्नाटकातनं, तिथंच द्या." परत इकडं: अर्ज कन्नडमध्ये पाहिजे. लिहून घ्यायला १५० रुपये. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवावा लागतो, १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, म्हटलं, तर साहेब हसले, "वकील काय?" १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार केली, नंबर मिळाला, मग उत्तर: व्यवहारातला वाद आहे, ग्राहक आयोगाकडं जा. बिल कुठाय? सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, माझे ४६,५०० त्याच्याच मागं रांगेत. १९३० ला त्याच दिवशी फोन लावायचा असतो. मी लाजेपोटी महिनाभर घरातसुद्धा बोललो नाही.

मला त्यानं ब्लॉक केलंय. परवा भावाच्या फोनवरनं विचारलं. "होंडा सिटीचा फोर्ज्ड सेट आहे की. तुमच्यासाठी ४४,०००."