भुसावळात बसून ऐकलेलं वॉल्सेंड

स्टिंगचा 'द लास्ट शिप' हा अल्बम २०१३ सालचा. माझ्या कानावर तो बराच उशिरा आला, पण आला तो मुक्कामालाच. स्टिंग म्हणजे 'द पोलिस' बँडमधला तो पिवळ्या केसांचा गायक, एवढीच ज्यांची ओळख आहे त्यांनी नाचायच्या तयारीने हा लावू नये. बारा गाणी आहेत, बहुतेक संथ, आणि सगळी एका गावाभोवती फिरणारी. गाव वॉल्सेंड. इंग्लंडच्या ईशान्येला, टाईन नदीच्या काठावर. स्टिंगचा जन्म तिथला, १९५१ चा. गावाचं पोट जहाजं बांधणाऱ्या एका कारखान्यावर असायचं, स्वान हंटर शिपयार्डवर. टायटॅनिक बुडाल्यावर वाचलेल्या माणसांना उचलून नेणारी कार्पेथिया तिथेच बांधलेली. मॉरिटानियाही तिथलीच, १९०६ साली पाण्यात उतरलेली.

मी काही संगीतातला जाणकार नाही. रेल्वेत इंजिन चालवलं, रिटायर झालो, भुसावळातच राहिलो. इंग्रजी गाण्यांचा नाद लागला तो खालच्या क्वार्टरमधल्या अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांमुळे. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि रविवारी दार उघडं असायचं. पुढे ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं, नाद माझ्याकडे राहिला. मात्र एकाच मालकाच्या गावात वाढणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्याकडे मालक रेल्वे. दवाखाना रेल्वेचा, शाळा रेल्वेची, पाण्याची वेळ रेल्वेची, आणि सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न, "पोरगा रनिंगला आहे का शेडला?" म्हणजे धावत्या गाडीवर, की इंजिनं दुरुस्त करायच्या शेडमध्ये.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. हा गाव सोडून गेलेल्या माणसाचा अल्बम आहे. जिथे तो स्वतःला बाजूला ठेवून मागे राहिलेल्यांच्या तोंडून बोलतो, तिथे गाणी कसदार आहेत. जिथे स्वतःच्याच आठवणीत रमतो, तिथे पातळ होतात.

पहिल्या प्रकारातलं सगळ्यात खणखणीत गाणं 'डेड मॅन्स बूट्स'. बाप पोराला म्हणतो, हे माझे बूट घे, यार्डात चल, कामाला लाग. पोराला ते नको आहे. गाण्यात घडतं ते इतकंच. पण मी ते ऐकलं आणि आमच्या कॉलनीची अर्धी घरं डोळ्यांसमोर उभी राहिली. आमच्याकडे याला अनुकंपा म्हणतात. ड्युटीवर असताना बाप गेला की तेरावा उरकतो न उरकतो तोच युनियनचा माणूस अर्जाचे कागद घेऊन ओट्यावर हजर. नाव कुणाचं घालायचं, थोरल्याचं की धाकट्याचं? यावरून सख्ख्या भावांचं बोलणं कायमचं बंद झालेलं मी पाहिलंय. मग मेडिकल. रंग ओळखायच्या ठिपक्यांच्या चित्रांसमोर बसवायचे. डोळे ए-वन निघाले तर पुढेमागे इंजिनावर जायची वाट मोकळी, नाहीतर ऑफिसात शिपाई. मी स्वतः असाच लागलो. खलासी म्हणून शेडमध्ये, मग परीक्षा देत देत असिस्टंट, मग ड्रायव्हर. वडील वाफेच्या इंजिनावरचे. त्यांच्या खाकी पँटला गुडघ्याच्या खाली बारीक भोकं असायची, फायरबॉक्समधून उडालेल्या ठिणग्यांची, आणि आई त्यांना रफू करायची सोडून खिशाच्या आतलं कापड काढून ठिगळं लावायची. त्या पँटी त्यांच्यानंतर मी शेडमध्ये घातल्या.

तेव्हा गाण्यातल्या पोराने 'नको' म्हणणं मला जरा श्रीमंती वाटलं. आमच्यात कुणी असं म्हटलं असतं तर मामा-काकांनी त्याला उभा सोलला असता. तरी स्टिंगला मानलं पाहिजे, कारण त्याने बापाची बाजू कुठेही हलकी केलेली नाही. बापाला दुसरं देण्यासारखं काही नाही, म्हणून तो बूट देतोय, हे चालीतच कळतं. आणि गंमत म्हणजे स्टिंगचा स्वतःचा बाप यार्डातला नव्हताच. तो दूध घालायचा, आणि हा पोरगा पहाटे त्याच्याबरोबर रतीब टाकायला जायचा. म्हणजे हे गाणं त्याने शेजारच्या घरातून उचललं. १९९१ च्या 'द सोल केजेस'मध्ये त्याने आपल्या वडिलांच्या जाण्याचं दुःख मांडलं होतं, तिथेही नदी आणि जहाजं होतीच. पण तो अल्बम आतल्या आत कुढत राहतो. हा माणसांत येऊन बसतो.

दुसरं आवडीचं 'प्रॅक्टिकल अरेंजमेंट'. वयाने मोठा, एकटा माणूस एका बाईला विचारतो: प्रेमाचं राहू दे, मी घर देतो, तुझ्या पोराला आधार देतो, पुढचं पुढे बघू. माझ्या बायकोला मी याचा अर्थ सांगितला तर ती म्हणाली, "आपल्याकडे दुसरेपणाची लग्नं ठरतात तेव्हा असंच असतं, फक्त तिथे बोलतात काका लोक आणि नवरदेव सुपारी कातरत बसतो." बरोबर आहे तिचं. इथे तो माणूस स्वतः बोलतो, चाचरत, आणि बाईचं उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. पियानोही तसाच, पुढे सरकू की नको असा. आयुष्यभर टाळ्या घेतलेल्या गायकाने इतकं कमी गायचं ठरवणं सोपं नाही.

आता तक्रार. अल्बम फार स्वच्छ आहे. जहाजाचे पत्रे जोडायला रिव्हेट, म्हणजे लोखंडी खिळे, ठोकणाऱ्या माणसांच्या गावाची गाणी, आणि निम्मे लोक कुजबुजल्यासारखे बोलतात! लोको शेडमध्ये 'चहा घेतला का' हेसुद्धा ओरडून विचारावं लागतं, आणि मग ती सवय घरी येते, जेवतानाही माणूस ओरडूनच बोलतो. तो आवाज इथे कमी पडतो. अपवाद 'व्हॉट हॅव वी गॉट?'चा. तिथे न्यूकॅसलचा नट-गायक जिमी नेल येतो, साथीला द विल्सन फॅमिली हे भाऊ येतात, आणि एकदम घसा मोकळा होतो. डिलक्स आवृत्तीत 'शिपयार्ड' म्हणून एक जादा गाणं आहे, त्यात एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन आहे. तोही टाईनच्या पलीकडच्या काठावरचाच. ते गाणं जादाच्या डब्यात का जोडलं, मुख्य गाडीत का नाही, हे मला कळलेलं नाही.

वाद्यांबद्दल मात्र बोलायला जागा नाही. निर्माता रॉब मॅथेस. कॅथरिन टिकेलची नॉर्थंब्रियन पाइप्स ऐका. ती तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखाली भाता दाबतात, त्यामुळे आवाज खोलीत मावतो, स्कॉटिश बॅगपाइपसारखं मैदान मागत नाही. फिडल आणि मेलोडियन (भात्याची छोटी पेटी) त्यात असे मिसळलेत की पॉप अल्बम ऐकतोय हे विसरायला होतं.

बोलीचं म्हणाल तर स्टिंगने इथे आपल्या गावाकडचा जॉर्डी हेल काढलाय. काही ठिकाणी तो जमतो. काही ठिकाणी पुण्यात आयुष्य काढलेला आमचा माणूस कंडारीला लग्नाला आला की मुद्दाम 'काय भो, कसं काय भो' सुरू करतो, तसं वाटतं. जिमी नेल शेजारी उभा राहिला की हा फरक जास्तच उघडा पडतो.

'अँड येट' हे परत आलेल्याचं गाणं. जॅझच्या अंगाने जातं, चाल सुरेख आहे, आणि गावाबद्दलची ओढ आणि चीड दोन्ही त्यात आहेत. स्टिंगने एका भाषणात सांगितलंय की लहानपणी जहाजाच्या कार्यक्रमासाठी इंग्लंडची राजमाता रोल्स-रॉइसमधून त्यांच्या गल्लीतून गेली, तिने याच्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी याला वाटलं की आपण इथले नाही. या गाण्यातला माणूस तोच पोरगा, म्हातारा होऊन आलेला. 'ऑगस्ट विंड्स' शांत, बरं. मुष्टियुद्ध खेळणारा पोरगा मुलीसाठी नाच शिकतो ते गाणं हलकंफुलकं, एकदा ऐकायला ठीक. शीर्षकगीत येशूच्या पुनरुत्थानापासून सुरू होऊन यार्डात पोचतं. भव्य आहे, पण मधे जरा लांबण लागली. शेवटी त्याचीच पुन्हा आवृत्ती आहे, ती नसती तरी चाललं असतं.

'बॅलड ऑफ द ग्रेट ईस्टर्न' वर थोडं थांबतो. ब्रुनेल या इंजिनिअरचं हे अजस्र जहाज टाईनचं नाही, लंडनच्या थेम्सवर बांधलेलं, १८५८ साली मोठ्या मुश्किलीने पाण्यात उतरलेलं. त्याच्या दुहेरी तळात एक रिव्हेटवाला आणि त्याचा हाताखालचा पोरगा बांधकामात चिणले गेले अशी दंतकथा आहे, तीच गाण्यात येते. शेडमधल्या माणसाला अशा गोष्टी नव्या नाहीत. इंजिनं फिरवायच्या प्रत्येक टर्नटेबलजवळ एक भूत असायचंच, आणि रातपाळीला नवा खलासी आला की त्याला ते आवर्जून दाखवायचे. शिवाय हे जहाज आपल्या मुंबईलाही येऊन गेलंय. १८७० साली मुंबई ते एडन समुद्रातली तार टाकली ती याच ग्रेट ईस्टर्नने.

रेल्वेवाल्याला टाईनशी नातं सांगायला खरं तर आणखी एक कारण आहे. आगगाडीला धंद्यात उभं करणारा जॉर्ज स्टीफन्सन टाईनकाठच्या वायलमचा, आणि त्याचा मुलगा रॉबर्ट १८०३ साली जन्मला तो वॉल्सेंडला लागूनच्या विलिंग्टन की इथे. माझी भाकरी कुठल्या गावातून निघाली हे स्टिंगच्या निमित्ताने नकाशावर बोट ठेवून पाहिलं.

आणि जे गाणं मला हवं होतं तेच या अल्बमात नाही. स्वान हंटरचं जहाजबांधणीचं काम संपल्यावर २००७ साली तिथल्या प्रचंड क्रेन भारती शिपयार्डने विकत घेतल्या. सुट्या करून त्या जहाजावर चढवल्या आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे आणल्या. वॉल्सेंडच्या घराघरांतून दिसणाऱ्या क्रेन! यावर एक अख्खं गाणं व्हायला हवं होतं, आणि ते जिमी नेलने गायला हवं होतं.

ही गाणी मुळात नाटकासाठी लिहिलेली, हे लक्षात ठेवून ऐकावीत. यार्ड बंद पडताना कामगार ते ताब्यात घेतात आणि आपल्या हिमतीवर शेवटचं जहाज बांधतात अशी नाटकाची गोष्ट. ब्रॉडवेवर ते २०१४ च्या शेवटी उघडलं आणि जानेवारी २०१५ मध्ये बंद पडलं. डिसेंबरमध्ये जिमी नेलच्या जागी स्टिंग स्वतः उभा राहिला, तरी धंदा सावरला नाही. पुढे २०१८ मध्ये न्यूकॅसलपासून त्याचा दौरा निघाला. गोष्ट माहीत नसेल तर दोन-तीन गाणी अल्बमात अधांतरी वाटतात, 'सो टू स्पीक' त्यातलंच. पण २००३ नंतर नव्या गाण्यांचा अल्बमच न केलेल्या माणसाला शेवटी लिहितं केलं ते या गावाने, हेही खरं.

आपल्याकडे खान्देशी गाण्यांचा धंदा जोरात आहे. डीजेवर अहिराणी गाणं लागल्याशिवाय वरात पुढे सरकत नाही, आणि त्यात वाईट काहीच नाही, मीही नाचलोय. पण त्या गाण्यांत भाऊजी असतात, वहिनी असते, बाजार असतो. भुसावळचं वाफेचं शेड नसतं, अमळनेरची प्रताप मिल नसते. जळगावात खान्देश मिलच्या जागेवर खान्देश सेंट्रल उभं राहिलं, त्यावर कुणी चाल बांधली नाही. रात्री दोनला क्वार्टरच्या दाराची कडी वाजवून ड्युटीचं बोलावणं देऊन कॉलबुकवर सही घेणारा कॉलमन मला कुठल्या गाण्यात भेटलेला नाही. तो एक हात कंदिलाचा, एक वहीचा, आणि पेन मात्र आपलंच शोधायला लावायचा. एखाद्या जुन्या, नाव कमावलेल्या खान्देशी गायकाने हे अंगावर घ्यावं. चाली लोकांकडे आहेत. माणसं अजून जिवंत आहेत, शेडसमोरच्या टपरीवर संध्याकाळी सापडतात.

घ्यायचा तर डिलक्स घ्या. सुरुवात 'डेड मॅन्स बूट्स'ने करा, मग 'व्हॉट हॅव वी गॉट?', मग रात्री जेवणानंतर 'प्रॅक्टिकल अरेंजमेंट'. शीर्षकगीत त्यानंतर. मोबाइलच्या स्पीकरवर पाइप्स चिरकतात, साधा का होईना इअरफोन लावा. आणि 'सो टू स्पीक' मला गुळचट वाटतं. बायकोचं म्हणणं, मरणाला टेकलेल्या पाद्र्याने आणखी कसं बोलावं? या मुद्द्यावर आमच्या घरात अजून तह झालेला नाही.