विनमेल.डॅट फोडणारं ‘टीएनईएफ’: दिसायला रुक्ष, कामाला चोख

पणजीहून कोणी जमिनीचा एक-चौदाचा उतारा स्कॅन करून पाठवतो आणि फोंड्यात मेल उघडली की पीडीएफच्या जागी ‘विनमेल.डॅट’ दिसते. हा व्हायरस नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल प्रोग्राममधून मेल ‘रिच टेक्स्ट’ फॉरमॅटमध्ये गेली, की मजकुराची सजावट आणि जोडलेल्या फाइली त्याच कंपनीच्या टीएनईएफ नावाच्या एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. इतर बऱ्याच मेल प्रोग्रामना ते सोडवता येत नाही. नाव बदलून शेवटी ‘पीडीएफ’ लावल्यानेही काही होत नाही; आत गाठोडंच राहतं.

त्याच नावाचा ‘टीएनईएफ’ हा मोफत प्रोग्राम ते सोडवतो. उबुंटू लिनक्सवर ‘ॲप्ट’ या आज्ञेने मिनिटभरात बसतो. खिडकी नाही, बटणं नाहीत, सगळं टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून. नवख्याला तेवढंच जड जाईल. आधी ‘डॅश टी’ लावून आत काय आहे त्याची यादी बघावी, मग ‘डॅश कॅपिटल सी’पुढे फोल्डरचं नाव देऊन फाइली तिथे काढाव्यात. एकाच नावाच्या दोन फाइली असतील तर ‘नंबर-बॅकअप्स’ हा पर्याय जरूर लावा, म्हणजे दोन्ही निघतात. गाठोड्यात लिहिलेला फोल्डरचा पत्ता हा प्रोग्राम आपणहून मानत नाही, म्हणून फाइल भलत्याच जागी पडत नाही; ही सुरक्षेची सोय फार मोलाची.

यादी रिकामी आली तर घाबरू नका. फाइल दोन-चार केबीचीच असेल तर आत बहुधा नुसती सजावट असते, उतारा जोडायचाच राहिलेला असतो. तीच फाइल दोनदा उतरवली की नावात कंस आणि कधी मोकळी जागा येते आणि टर्मिनल अडतं. नाव अवतरणात घाला. मराठी नावाच्या जागी कधी प्रश्नचिन्हं येतात. आतला मजकूर शाबूत असतो, नाव हाताने बदलावं.

ऑनलाइन उघडून देणाऱ्या साइट्सही आहेत, पण जमिनीचे कागद परक्या सर्व्हरवर चढवणं आम्हांला मुळीच पटत नाही. इथे सगळं आपल्याच मशीनवर होतं.

दर आठवड्याला हेच होत असेल, तर पाठवणाऱ्याला आउटलुकच्या फाइल, ऑप्शन्स, मेल इथे जाऊन फॉरमॅट ‘एचटीएमएल’ करायला सांगा. तिथेच खाली इंटरनेटवरच्या पत्त्यांसाठीही ‘एचटीएमएल’ निवडायचं. तरी डॅट येतच राहिली, तर टाइप करताना आपोआप सुचणारा तुमचा जुना पत्ता त्यांनी पुसून नव्याने लिहावा. जुनं फॉरमॅट तिथेच चिकटून बसलेलं असतं.