कोपर्निकस ब्राउझर: अरल समुद्र बघायला उत्तम, मोजताना जपून

पुण्यात कॉलेजच्या भूगोल प्रकल्पासाठी मध्य आशियातला आटत गेलेला अरल समुद्र घेत असाल, तर युरोपीय संघाचा कोपर्निकस ब्राउझर, म्हणजे उपग्रहचित्रं दाखवणारं संकेतस्थळ, जरूर वापरा. फुकट आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, खातं उघडलं की चित्रं उतरवताही येतात. फक्त त्यातून निघालेलं क्षेत्रफळ तपासल्याशिवाय अहवालात घालू नका.

पहिली गडबड तारखेत होते. उजनीचा जलाशय बघायचा तर पावसाळा टाळून डिसेंबर-जानेवारी घ्यायचा, ही आपली सवय. अरलवर तेव्हा बर्फ असतो. तिथे ऑगस्ट-सप्टेंबर बरा.

सेंटिनेल-२ उपग्रहांचा एल२ए (वातावरणाचा परिणाम वजा केलेला) डेटा निवडा, 'कस्टम'मध्ये इंडेक्स घ्या आणि 'ए'च्या जागी बी३ (हिरवा प्रकाश), 'बी'च्या जागी बी११ (लघुतरंग अवरक्त) ओढा. म्हणजे (बी३ − बी११) ÷ (बी३ + बी११). पाणी शून्याच्या वर येतं. मेख अशी की बर्फ शोधायलाही हेच सूत्र वापरतात, आणि ओल्या मिठाचा थरही त्यात पाणी म्हणून खपून जातो. दक्षिण अरलचा पूर्वेकडचा भाग २०१४ मध्ये पूर्ण आटला होता. तिथल्या मिठाळ तळावर हा घोटाळा हमखास होतो आणि क्षेत्रफळ फुगतं. म्हणून त्याच तारखेचा बी८ (जवळचा अवरक्त) एकटा उघडून बघा: पाणी काळं दिसतं, मीठ उजळ. उथळ, गढूळ कडेला दोन्ही फसतात, तिथली रेघ हातानेच आखावी. बी११ ची बारकाई २० मीटर आहे, तेव्हा किनाऱ्याची त्याहून बारीक मापं देण्यात अर्थ नाही. चित्रं शोधताना ढगांच्या टक्केवारीची मर्यादा फार खाली ओढू नका. पांढऱ्या मिठालाच ढग समजून चांगली चित्रं गळू शकतात.

सेंटिनेल-२ च्या एका फेरीत टिपलेला पट्टा २९० किलोमीटर रुंद. सगळा अरल त्यात मावत नाही, जोडचित्रात शेजारशेजारचे तुकडे वेगळ्या दिवसांचे असू शकतात.

मोठी उणीव काळाची. सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासूनची. कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्याचं पाणी वळवण्याआधी, १९६० च्या सुमारास अरल ६८,००० चौरस किलोमीटर होता. उत्तरेचं पाणी अडवणारा कोक-अरल बांध २००५ चा. यातला बदल दाखवायला अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचाच डेटा हवा, तोही १९७२ नंतरचाच. लँडसॅट-७ ची मे २००३ नंतरची चित्रं पट्टेरी आहेत, ती टाळा.

धुळीसाठी सेंटिनेल-५पी उपग्रहाचा एरोसोल (हवेतल्या सूक्ष्म कणांचा) निर्देशांक आहे. तो धूर आणि धूळ वेगळी करत नाही, आणि निव्वळ पांढरं मीठ त्यात फिकं पडतं. मिठाचं वादळ दाखवायचं तर त्या दिवसाचं साधं रंगीत चित्र सोबत जोडा.