इतरांच्या मान्यतेपासून सुटका शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा : एक परीक्षण

विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीवर आधारलेल्या कार्यशाळा पुण्यात अधूनमधून होत असतात. त्यांपैकी 'इतरांची मान्यता आणि आपण' या एकाच विषयाला वाहिलेली, शनिवार-रविवारची अनिवासी कार्यशाळा मी नुकतीच पूर्ण केली. शुल्क दुपारच्या जेवणासह तीन हजार रुपये होते, गट वीस-बावीस जणांचा होता आणि चालवणाऱ्या समुपदेशक मॅडम मराठीतूनच बोलत होत्या. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या लेखात काही तक्रारीही आहेत आणि शिवाय मला जे सांगायचे आहे ते संस्थेपेक्षा तिथे शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीविषयी अधिक आहे. अशी कार्यशाळा करावी की नाही, या विचारात असलेल्यांना त्याचा उपयोग व्हावा.

या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस. ते 1913 मध्ये पिट्सबर्गला जन्मले, न्यूयॉर्कमध्ये वाढले, मनोविश्लेषक म्हणून शिकले आणि त्या पद्धतीच्या संथपणाला कंटाळून 1955 च्या सुमारास त्यांनी स्वतःची वेगळी वाट काढली. माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, त्या घटनांविषयीचे त्याचे समज अस्वस्थ करतात, हा विचार त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्याकडून उघडपणे उचलला होता. माणसे स्वतःला कशी छळतात याचे निरीक्षण करून त्यांनी अविवेकी समजांची एक यादी केली. तिच्यात पहिल्याच क्रमांकावर हा समज आहे की, आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने आपल्यावर प्रेम केले पाहिजे किंवा आपल्याला पसंत केले पाहिजे, ही आपली निकडीची गरज आहे. भारतात ही पद्धत रुजवण्याचे मोठे श्रेय कि. मो. फडके यांना जाते. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता आणि त्यांनी या विषयावर मराठीत लेखनही केले. पुढे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या संस्थेने ती सर्वसामान्य मराठी माणसापर्यंत नेली. त्यामुळे 'अ-ब-क' (घटना, समज, परिणाम) ही मांडणी ऐकलेली माणसे महाराष्ट्रात बरीच भेटतात. आमच्याही गटात निम्म्याहून अधिक जणांना ती ठाऊक होती. ठाऊक असूनही ते आले होते, यातच कार्यशाळेची गरज दिसते.

पहिल्या दिवसाची सकाळ मला फारशी रुचली नाही. पडद्यावर एकामागून एक चित्रे आणि आकृत्या येत होत्या, त्यांतली अक्षरे मागच्या रांगेला दिसत नव्हती आणि जे मुद्दे फळ्यावर खडूने चार ओळींत मांडता आले असते ते तासभर ताणले गेले. ध्वनियंत्रणेची खरखर दुपारपर्यंत कुणी बंद केली नाही. मांडणी मात्र अचूक होती : 'अ' म्हणजे घटना, 'ब' म्हणजे त्या घटनेविषयीचा समज, 'क' म्हणजे भावना आणि वर्तन यांच्या रूपाने दिसणारा परिणाम. आपण 'अ'ला दोष देत बसतो आणि 'ब'कडे पाहतच नाही, हे सूत्र.

जेवणानंतर पडदा गुंडाळला गेला आणि कार्यशाळेत जीव आला. मुलीचे लग्न नोंदणी पद्धतीने, मोजक्या माणसांत करायचे ठरवलेल्या एका बाईंचे उदाहरण मॅडमनी त्यांच्या संमतीने फळ्यावर घेतले. बाईंना रात्र रात्र झोप नव्हती. दिरांकडचे आणि माहेरचे असे दोन्हीकडचे लोक नाराज होतील, बोलतील, पुढे कार्याला बोलावणार नाहीत, ही धास्ती. आपल्याकडे अशा वेळी दिला जाणारा सल्ला ठरलेला असतो : अहो, लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात, मनावर घेऊ नका. मॅडमनी तो दिला नाही. त्या म्हणाल्या, "समजा, सगळे नाराज झाले. एकही जण विसरला नाही. दीर खरोखरच पुढच्या कार्याला बोलावणार नाहीत. आता बोला." खोली गप्प झाली. या पद्धतीचे आणि बाजारात मिळणाऱ्या सकारात्मक विचारांच्या व्याख्यानांचे खरे अंतर इथे आहे, असे माझे मत झाले. लोक चांगले आहेत, ते समजून घेतील, असा दिलासा इथे दिला जात नाही. सर्वांत वाईट तेच घडेल असे गृहीत धरून, तरीही आपण मोडून पडणे अपरिहार्य आहे का, एवढेच तपासले जाते.

तपासणीचे प्रश्न तीन. नातेवाइकांनी माझा निर्णय मान्य केलाच पाहिजे, असा नियम जगात कुठे आहे, याचा पुरावा काय? त्यांनी तो मान्य करावा अशी माझी तीव्र इच्छा आहे, यावरून त्यांनी तो मान्य केलाच पाहिजे हा निष्कर्ष तर्काने निघतो का? आणि हा समज धरून ठेवल्याने माझे काम सुकर होते का? बाईंनी पहिल्या प्रश्नाला जवळजवळ भांडूनच उत्तर दिले. "अहो, आम्ही त्यांच्या प्रत्येक कार्याला राबलोय," त्या म्हणाल्या. मॅडमनी ते खोडले नाही. राबलात हे खरे आहे, त्यांनी त्याची जाण ठेवली तर ते छानच होईल, आणि न ठेवण्याची मुभा तरीही त्यांच्याकडे आहे, ही तीन वाक्ये त्यांनी एकाखाली एक लिहिली आणि बाईंना मोठ्याने वाचायला लावली. तिसरे वाक्य वाचताना बाईंचा आवाज पहिल्यांदा चिरकला आणि दुसऱ्यांदा चिरकला नाही. शेवटी भीतीच्या जागी त्यांनी जी भावना लिहिली ती 'वाईट वाटेल' ही होती, 'काही वाटणार नाही' ही नव्हे. वाईट वाटण्याला इथे हरकत नाही, हा भाग मला फार प्रामाणिक वाटला. ज्याला कुणाच्या नाराजीचे काहीच वाटत नाही असा माणूस घडवण्याचा दावा कुणी करत असेल, तर त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

आत्मसन्मान वाढवा, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. एलिस यांना ही कल्पनाच मान्य नव्हती. त्यांचे म्हणणे असे की, माणसाने आपल्या कृतींना गुण द्यावेत, स्वतःला देऊ नयेत. भाषण पडले तर भाषण पडले. त्यावरून भाषण करणारा पडीक ठरत नाही. तसेच भाषण गाजले म्हणून तो थोरही ठरत नाही, आणि या उत्तरार्धाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. कौतुकाने ज्याची छाती फुगते त्याची ती टीकेने बसणारच, कारण दोन्ही वेळा स्वतःची किंमत ठरवण्याचा अधिकार त्याने समोरच्याच्या हाती दिलेला असतो. हा अधिकार कुणालाच न देता, स्वतःला गुण न देता स्वतःला स्वीकारणे, यालाच विनाअट आत्मस्वीकार म्हणतात. हे तत्त्व गटाला पटवताना मॅडमना सर्वाधिक कष्ट पडले. टीका सोडून द्यायला सगळे तयार होते, कौतुक सोडायला कुणीच तयार नव्हते. जाता जाता सांगतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी याच कार्यशाळेच्या शेवटी आयोजकांनी पाच चांदण्यांचे अभिप्रायपत्रक हाती दिले आणि 'पाचही द्या हं' असे हसून सुचवलेही. मी चार दिल्या.

दुसरा दिवस प्रत्यक्ष सरावाचा होता आणि शुल्काची खरी वसुली त्याच दिवशी होते. एलिस यांनी लाजेवर चाल करून जाण्याचे व्यायाम तयार केले होते. न्यूयॉर्कमध्ये ते लोकांना भुयारी रेल्वेत पुढच्या स्थानकाची नावे मोठ्याने पुकारायला सांगत, किंवा केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखे रस्त्याने फिरवायला सांगत. कुणाला इजा होऊ नये, कायदा मोडू नये आणि नोकरीवर गदा येईल असे काही करू नये, एवढीच बंधने. हेतू असा की, ज्या फजितीला आपण मरणाहून वाईट समजतो ती प्रत्यक्ष ओढवून घ्यावी आणि ती सोसता येते याचा अनुभव घ्यावा. आमच्यापैकी एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना पाऊस नसताना, ऊन कलल्यावर, उघडी छत्री घेऊन गर्दीच्या पदपथावरून चालायचे होते. एका तरुणाला दुकानात जाऊन दहा शर्ट उलगडून पाहायचे आणि शांतपणे 'नको' म्हणून बाहेर यायचे होते. यात दुकानदाराला फुकटचा त्रास आहे असा आक्षेप त्याने घेतला, तो मान्य झाला आणि दहाचे दोन झाले.

माझ्या वाट्याला कर्वे रस्त्यावरची बस आली. पौड फाट्याला चढून डेक्कनपर्यंत प्रत्येक थांब्याचे नाव पुकारायचे आणि विनोद म्हणून नव्हे तर गंभीरपणे पुकारायचे, अशी अट होती. नळ स्टॉपच्या अलीकडे घशाला कोरड पडली, कानशिले तापली, आणि आवाज निघाला तो एवढा बारीक की शेजारच्या बाईंनी "मला काही म्हणालात का?" असे विचारले. गरवारे कॉलेजला मात्र नीट ओरडलो. तीन-चार माना वळल्या, एका मुलाने कानातले इअरफोन काढून पुन्हा घातले, आणि वाहक पुढून म्हणाला, "काय काका, भरतीत लागलात का?" लोक हसले. डेक्कन येईपर्यंत बहुतेकांची नजर पुन्हा मोबाइलवर गेलेली होती. पुस्तकात वाचलेले 'लोकांना आपल्याकडे पाहायला वेळ नाही' हे वाक्य आणि वळलेल्या माना सरळ होताना प्रत्यक्ष पाहणे यांत फार अंतर आहे. आणि ज्या दोघांनी माझ्याकडे शेवटपर्यंत विचित्र नजरेने पाहिले त्यांच्या पाहण्यानेही मला काही झाले नाही, हे अधिक मोलाचे होते.

या पद्धतीच्या मर्यादाही याच दिवशी समोर आल्या. एलिस यांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग मॅडमनी ऐकवला. एकोणीस वर्षांचे असताना, बुजरेपणा घालवण्यासाठी, ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात एकट्या बसलेल्या अनोळखी स्त्रियांशेजारी जाऊन बसायचे आणि बोलायला सुरुवात करायची असा नेम त्यांनी महिनाभर पाळला. 130 जणींपैकी तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणे झाले, एकीने भेटायचे कबूल केले आणि ती आली नाही. नकाराने काही बिघडत नाही, हा त्यांना मिळालेला धडा. गट हसला, पण एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "त्या तीस जणींना काय वाटलं असेल?" प्रश्न रास्त होता. तिने पुढे असेही म्हटले की, उघडी छत्री घेऊन काका रस्त्याने गेले तर लोक हसतात. मी विचित्र वागत एकटी गेले तर माझ्या मागे कुणी येऊ शकतो. मॅडमनी तिला व्यायाम बदलून दिला आणि सोबत जोडीदार दिला, हे चांगले झाले. मात्र ही तरतूद आधीपासून आखलेली असायला हवी होती.

आपल्याकडे मान्यता ही नुसती मनाची भूक नसते. ज्या सुनेचे घर, मुले आणि महिन्याचा खर्च सासरच्यांच्या मर्जीवर अवलंबून आहे, किंवा ज्या कंत्राटी शिक्षकाची पुढील वर्षाची नेमणूक संस्थाचालकांच्या हाती आहे, त्यांच्यासाठी समोरच्याची नाराजी ही केवळ 'ब'मधली चूक नाही, 'अ'मधला खरा धोका आहे. पोशाखावरून किंवा बोलीवरून ज्यांना लोक आयुष्यभर हसतच आले, त्यांना लाजेवर चाल करण्याचा व्यायाम मुद्दाम कशाला हवा, हेही विचारायला हवे. पद्धतीत याचे उत्तर आहे : आधी परिस्थिती बदलता येत असेल तर बदला, आणि ती बदलण्याइतके डोके शांत राहावे म्हणून समज तपासा. कार्यशाळेत ते जेमतेम दहा मिनिटांत उरकले गेले. छत्री आणि बस यांना दिलेल्या वेळातला तासभर तरी इकडे द्यायला हवा होता.

पाठपुरावा हा दुसरा कच्चा दुवा. महिन्यातून एकदा संध्याकाळी गट भेटेल असे सांगितले होते. अद्याप कोणतीही तारीख कळवलेली नाही, फोन केला की 'कळवतो' एवढेच उत्तर मिळते. दिलेली वही मात्र उत्तम आहे. रोज एक प्रसंग, त्यामागची मागणी ('असे झालेच पाहिजे'), तीन प्रश्न आणि त्या मागणीच्या जागी ठेवायची पसंती ('असे झाले तर बरे'), असे चार रकाने तीत आहेत. मी ती लिहितो. परवा सोसायटीच्या सभेत देखभाल खर्चवाढीच्या बाजूने बोलणारा मी एकटाच होतो. बोललो, ठराव पडला, जिन्यात दोघांनी तोंड फिरवले. रात्री वहीत चारही रकाने भरले आणि वेळेवर झोप लागली. पूर्वी असा ठराव पडला की आठवडाभर मी मनात भाषणे करत असे.

ज्यांना बोलण्याची, दिसण्याची, नकार देण्याची भीती वाटते आणि ज्यांच्या पोटापाण्याला त्या नाराजीने धक्का लागणार नाही, त्यांनी ही कार्यशाळा जरूर करावी. तीव्र नैराश्य किंवा झोप उडवणारी चिंता असेल तर गटात येण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना एकदा भेटावे. नोंदणीच्या अर्जात हे विचारले जात नाही, ते विचारायला हवे. पहिल्या दिवशी सकाळी पुढच्या दोन रांगांत जागा धरावी. जेवणातली आमटी चांगली असते, चहा पाणचट असतो. दुसऱ्या दिवशी चालायला सोयीच्या चपला आणि बसभाड्याचे सुटे पैसे जवळ ठेवावेत.