आठ महिने, चार नकला: स्वस्तातली शाई पेनं वापरून पाहिल्यावर

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी स्टाफरूममध्ये आमच्या गणिताच्या सरांनी माझ्या हातातलं काळं जाडजूड पेन पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, कर्ज काढलंत की काय?" त्यांना ते माँ ब्लाँ 149 वाटलं होतं, म्हणजे त्या कंपनीचं प्रसिद्ध महागडं शाई पेन. टोपणाच्या टोकाला त्या कंपनीची खूण असलेला पांढरा तारा नाही हे दाखवलं आणि किंमत सांगितली, साडेसहाशे. सर म्हणाले, "मग माझ्यासाठीही एक मागवा." मी म्हटलं, थोडं थांबा, आधी वर्ष काढू दे याला. वर्ष अजून व्हायचंय, पण आठ महिन्यांत सांगण्यासारखं बरंच साठलं आहे.

जूनमध्ये मी अशी चार पेनं घेतली. चारही चिनी, चारही कुठल्या ना कुठल्या नामांकित पेनावरून बेतलेली, आणि चारही मिळून साडेतीन हजारांच्या आत. त्यांची स्वतःची नावं इथे लिहीत नाही. एकाच साच्यातलं पेन दोन-तीन नावांनी विकायला येतं, आणि माझ्या वाट्याला आलेल्या एका नगावरून अख्ख्या कारखान्याला नावं ठेवणं बरोबर नाही. आणखी एक: ही बनावट पेनं नव्हेत. बनावट म्हणजे पांढरा तारा लावून माँ ब्लाँच्या नावाने खपवलेलं. यांच्यावर स्वतःचंच नाव असतं, फक्त रूप उसनं असतं.

त्या जाड्यापासूनच सुरुवात करते. मूळ 149 हे 1952 सालचं. त्याच्या सोन्याच्या निबेवर 4810 हा आकडा कोरलेला असतो, माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. नवं घ्यायचं तर लाखाच्या घरात जातं. माझ्या नकलेचा घाट अगदी तोच, सिगारसारखा, टोपणावर तीन सोनेरी कडी. पण हातात घेतलं की फरक कळतो. मूळ पेन रेझिनचं (एक प्रकारचं प्लॅस्टिक), साधारण 32 ग्रॅमचं. माझं आतून पितळी. ओळखीच्या सोनारांच्या काट्यावर ठेवलं तर 48 ग्रॅम भरलं. (सोनार हसले. एवढ्या वजनाचं पितळ काट्यावर पहिल्यांदाच ठेवलं म्हणाले.) टोपण मागे खोचून लिहायला गेलं की मनगट अर्ध्या तासात कुरकुरायला लागतं. म्हणून टोपण टेबलावर, आणि मग ते घरंगळून खाली.

निब मात्र चांगली निघाली. लगेच नव्हे. पहिल्या दिवशी ओळ सुरू करताना अक्षराचा पहिला फटकाराच उमटत नव्हता, "क" काढायचा तर दोनदा गिरवावा लागे. आधी भांड्याच्या साबणाचा थेंबभर घालून कोमट पाण्याने निब आणि जीभ (निबेखालचा, शाई टोकापर्यंत आणणारा भाग) धुतली, कारण कारखान्यातला तेलकटपणा आत राहिलेला असतो आणि तो शाईला वाट देत नाही. अर्धा दोष गेला. मग भिंग लावून पाहिलं तर निबेची दोन पाती एकमेकांना समांतर नव्हती, एक केसभर वर. नखाने हलकेच दाबून ती सारखी केली. तेव्हापासून तक्रार नाही. सोन्याची नाही म्हणून निब वाईट लिहिते हा समज सोडून द्यायला हरकत नाही. कागदाला टेकतो तो टोकावरचा कठीण मिश्रधातूचा मणी, आणि तो नीट घासलेला असला की खालचं पातं पोलादाचं की सोन्याचं हे हाताला फारसं कळत नाही. सोनं शाईने गंजत नाही, हा त्याचा खरा गुण. स्वस्त निबांवर "इरिडियम पॉइंट जर्मनी" असं कोरलेलं असतं, त्यावर विसंबून जर्मनीचं काही मिळालं असं समजू नये.

खरी गोम आत आहे. मूळ 149मध्ये शाई ओढून घेणारा पिस्टन पेनातच असतो, पेनाची नळीच शाईची टाकी. नकलेत छोटा कन्व्हर्टर, म्हणजे शाई भरायची काढता-घालता येणारी नळी, त्यात मिलिलिटरभरही शाई मावत नाही. एवढं मोठं पेन, आणि आठवीच्या एका तुकडीच्या वह्या तपासून होईतो रिकामं. शिवाय टोपण आतून हवाबंद नव्हतं. शनिवारी दुपारी ठेवलेलं पेन सोमवारी सकाळी झाडल्याशिवाय उमटेना. क्लिप बसवलेल्या भोकाशी आतून मेणबत्तीचे दोन थेंब सोडले, तेव्हा कुठे तीन-चार दिवस तग धरायला लागलं.

दुसरं पेन लॅमी या जर्मन कंपनीच्या 2000 या पेनाच्या वळणाचं. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. गेर्ड म्युलर यांनी 1966 साली आखलेल्या त्या पेनाची सगळी गंमत अशी की पिस्टन फिरवायच्या मागच्या टोकाचा सांधा शोधूनही सापडत नाही आणि अंगाला तो खरखरीत मॅट पोत. नकलेत सांधा लांबून दिसतो, पिस्टन नाहीच, आणि पोत तीन महिन्यांत बोटं लागून चकचकीत झाला. लिहायला वाईट नाही. मुलीने कॉलेजला नेलं ते परत आलं नाही, मीही मागितलं नाही.

तिसऱ्याने मला फसवलं, आणि तेच सगळ्यात महाग, एकोणीसशेचं. पायलटच्या कॅपलेसची नक्कल: बटण दाबलं की निब बाहेर, पुन्हा दाबलं की आत. 1963 पासून पायलट हे बनवते आहे. निब आत गेल्यावर तोंडाशी एक इवलीशी झडप मिटते, आणि सगळी करामत त्या झडपेत आहे. माझ्या नगात झडप होती, पण पुरती मिटत नव्हती. रात्रभरात निब सुकायची. क्लिप निबेच्या बाजूला असते तीही उगाच नव्हे, खिशात अडकवलं की निब वर राहावी म्हणून. मी पेन पर्समध्ये आडवं टाकते. ऑक्टोबरच्या उन्हात एसटीने घरी येईपर्यंत पर्सचं अस्तर निळं झालं, डबा निळा, चष्म्याचं घर निळं. विकणाऱ्याने "वापरलेली वस्तू परत घेत नाही" असं कळवलं. मुद्दा त्याच्या बाजूने बरोबरच होता म्हणा.

आणि चौथं, तीनशेचं. पार्कर 51च्या जातीचं. निब जवळजवळ सगळी नळीत झाकलेली, कासवाने मान बाहेर काढावी तेवढंच टोक दिसतं. पार्करने ते 1941 साली बाजारात आणलं तेव्हा झटपट वाळणारी शाई वापरता यावी म्हणून निब अशी आत घेतली होती, आणि आत पातळ पापुद्र्यांचा एक भाग ठेवला, जो जादा शाई धरून ठेवतो. ज्यांच्या घरी हिरो पेन होतं त्यांना हे रूप नवीन नाही. शांघायचं हिरो 616 हे त्याचंच भावंड. माझ्या वडिलांच्या खिशाला मरून रंगाचं, चंदेरी टोपणाचं असायचं, रविवारी ते वाटीत कोमट पाणी घेऊन धुवायचे.

या चौथ्यात नकलाकारांनी रूपाबरोबर युक्तीही उचलली आहे. बाकीच्या तिघांत फक्त डौल उचलला: कडी, घाट, बटण. इथे झाकलेली निब खरंच सुकत नाही. गणपतीच्या सुट्टीत सात दिवस ड्रॉवरमध्ये पडून होतं, आल्यावर पहिल्याच अक्षराला उमटलं. कॅमलची रॉयल ब्लू घालते. आतली नळी चार-पाच वेळा दाबली की भरतं, कन्व्हर्टर शोधायला नको. (कन्व्हर्टर घेताना तोंडाचं माप बघा: 2.6 मिमी आणि 3.4 मिमी अशी दोन येतात, मी आधी चुकीचं मागवलं होतं.) दोष आहेच. टोपण खेचून काढायचं असल्यामुळे पकड सैल होत चालली आहे, डिसेंबरपासून ते बोटाने धरून ठेवावं लागतं. पण रेघ इतकी बारीक की शाळेच्या पातळ उत्तरपत्रिकांवर, जिथे जाड्याची शाई फुटून मागच्या पानावर उतरते, तिथे हेच चालतं.

गणिताच्या सरांसाठी तेच मागवलं, हिरव्या रंगाचं. त्यांना जाड्या हवा होता, थोडे नाराज आहेत.